अर्धं शटर

रात्री साडेबारा-एकच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याही परमिट रूमसमोर उभं राहिलं, की शटर अर्ध्यावर आलेलं दिसतं. आत बसलेल्याने उरकून घ्यावं आणि बाहेरच्याने आता आत यायचं नाही, असा त्याचा अर्थ. गस्तीची गाडी वळणावर दिसली की तेच शटर आणखी वीतभर खाली येतं. हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष निवडून येतो तो हे शटर अर्धा तास का होईना, उशिरा खाली यावं म्हणून. वेळ वाढवून घ्या, कर उतरवून घ्या, परवान्याचं बघा, एवढीच मेंबरांची त्याच्याकडून अपेक्षा असते.

अनुराग कटरियार यांच्या वाट्याला नेमकं उलटं काम आलं. 'नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया' म्हणजे एनआरएआय या संघटनेचं अध्यक्षपद २०१९ च्या उत्तरार्धात त्यांच्याकडे आलं. त्यानंतर काही महिन्यांतच संघटनेने सभासदांना सल्ला दिला, की १८ मार्च २०२० पासून महिनाअखेरपर्यंत आपापली रेस्तराँ बंद ठेवा. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथल्या बंदचा आदेश महाराष्ट्र सरकारने काढला तो २० मार्चला, म्हणजे त्याच्याही नंतर. देशभरची टाळेबंदी लागली २५ तारखेला. त्या दिवशी गुढीपाडवा होता.

तेरा-चौदा दिवसांची गोष्ट आहे, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते.

या दोन वर्षांच्या कारकिर्दीकडे आज पाहताना आधी एक घोळ निस्तरायला हवा. हॉटेलवाल्यांची संघटना एक नाही, अनेक आहेत. पश्चिम भारतातल्या हॉटेल आणि रेस्तराँची 'एचआरएडब्ल्यूआय' १९५० सालची. चार विभागीय संघटनांचा महासंघ 'एफएचआरएआय' १९५५ चा. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांपासून बारपर्यंतच्या मालकांची 'आहार' १९७९ ची, तर रेस्तराँवाल्यांची अखिल भारतीय एनआरएआय १९८२ ची. तारांकित हॉटेलच्या मालकाचं दुखणं वेगळं, विमानतळावरच्या साखळी रेस्तराँचं वेगळं आणि चेंबूर स्टेशनबाहेरच्या परमिट रूमचं त्याहून वेगळं. एकाच मंत्र्याच्या टेबलावर एकाच आठवड्यात तिघांची तीन निवेदनं जातात, आणि कोणाचं ऐकायचं याची निवड मंत्र्याला आयती मिळते.

'आहार'ची आणखी एक गंमत आहे. गेल्या दहा वर्षांतली तिच्या अध्यक्षांची नावं पाहा: आदर्श शेट्टी, शिवानंद शेट्टी, सुकेश शेट्टी, सुधाकर शेट्टी. उडुपी-मंगळूर पट्ट्यातून मुंबईत येऊन इथल्या सकाळच्या इडलीची आणि रात्रीच्या चकण्याची जबाबदारी घेतलेल्या समाजाचा हा वारसा. कटरियार या परंपरेतले नव्हेत. ते राहुल अकेरकरांनी १९९९ मध्ये कुलाब्यात उघडलेल्या 'इंडिगो'च्या घराण्यातले. तिथून निघालेल्या 'इंडिगो डेली'चा कारभार पाहणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख. मूळ 'इंडिगो' २०१८ मध्ये बंद पडलं होतं. नावाजलेलं रेस्तराँही मिटतं, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं.

अध्यक्ष झाल्यावर त्यांच्यासमोर पहिलं आलं ते भांडण. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामच्या रेस्तराँवाल्यांनी 'लॉगआउट' मोहीम सुरू केली. 'बिअर कॅफे'चे राहुल सिंग तेव्हा एनआरएआयचे अध्यक्ष होते. राग होता तो 'झोमॅटो गोल्ड' आणि तशाच इतर सवलत योजनांवर. ग्राहक वार्षिक वर्गणी भरायचा ती ॲपला, आणि एका पदार्थावर दुसरा फुकट किंवा दोन पेल्यांवर दोन फुकट द्यायचे ते हॉटेलवाल्याने. काही दिवसांत हजाराहून जास्त रेस्तराँ या योजनांतून बाहेर पडली. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, लोण पसरत गेलं.

पण या लढाईतली खरी अडचण बाहेरची नव्हतीच. योजनेत सही करून शिरले होते ते हेच मेंबर. शेजारच्याने 'गोल्ड' घेतलं, त्याची मंगळवारची टेबलं भरली, म्हणून याने घेतलं. सगळ्यांनी घेतल्यावर कोणालाच फायदा उरला नाही, आणि बाहेर पडावं तर शेजारचा आत राहील ही भीती. संघटनेला मेंबरांना सांगावं लागलं, की एकदम बाहेर पडा, एकेकट्याने नको. ज्यांचे ग्राहक एकमेकांकडून पळवलेले असतात अशा माणसांना एकत्र बांधणं हे या पदाचं रोजचं काम. मंत्रालयाचा सहावा मजला चढणं त्या मानाने सोपं, तिथे निदान लिफ्ट आहे.

मग २०२० उजाडलं, आणि सुरुवात झकास झाली. मुंबईत रात्रभर हॉटेलं आणि दुकानं चालू ठेवायला राज्य मंत्रिमंडळाने २२ जानेवारीला मान्यता दिली. आदित्य ठाकरे यांनी कित्येक वर्षं लावून धरलेली ती मागणी होती. २७ जानेवारीपासून बिगरनिवासी भागांतले मॉल आणि मिल कंपाउंडांतली हॉटेलं चोवीस तास उघडी राहू शकणार होती. दारूची वेळ मात्र रात्री दीडचीच राहिली. निर्णयाचं कौतुक झालं, शंकाही निघाल्या. एवढ्या रात्री स्वयंपाकघर चालवायला माणसं कुठून आणायची, हा त्यातला सर्वांत रास्त प्रश्न. त्याचं उत्तर शोधायची वेळच आली नाही. रात्रभर उघडं ठेवायची परवानगी मिळून पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच दिवसासुद्धा उघडता येईना.

टाळेबंदीतलं अध्यक्षपद म्हणजे काय, हे समजून घ्यायला हॉटेलचा हिशेब थोडा उलगडावा लागतो. हा रोज गल्ल्यात पडणाऱ्या पैशावर चालणारा धंदा. भाजीवाल्याची आणि मटणवाल्याची उधारी आठवड्याची किंवा पंधरवड्याची, भाडं आणि पगार महिन्याचे. गल्ला बंद झाला की पंधरा दिवसांत मालकाचा हात खिशात जातो. भाडं माफ व्हावं ही पहिली मागणी होती, पण ते माफ करणारा सरकारी खातं नसून घरमालक होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये खान मार्केटमधल्या एका चपलांच्या दुकानाच्या प्रकरणात भाडं स्थगित करायला नकार दिला, भरायला मुदत तेवढी वाढवून दिली. दुकान चपलांचं असलं तरी तो निकाल हॉटेलवाल्यांनीही वाचला. मग प्रत्येकाने आपापल्या घरमालकाशी, मॉलशी वाटाघाटी केल्या. कुठे ठरावीक भाड्याऐवजी विक्रीत वाटा ठरला, कुठे चाव्या परत गेल्या.

दुसरी मागणी कराची. १५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्तराँवरचा जीएसटी १२ आणि १८ टक्क्यांवरून सरसकट ५ टक्क्यांवर आला, तेव्हा गिऱ्हाईक खूश झालं. पण त्या बदल्यात हॉटेलवाल्याचं इनपुट क्रेडिट गेलं. भाड्यावर तो जो १८ टक्के कर भरतो, यंत्रांवर जो भरतो, त्यातलं काही त्याला वळतं करून मिळत नाही. धंदा चालू असतो तेव्हा हे बोचतं, बंद असतो तेव्हा घशाशी येतं. त्यानंतरच्या प्रत्येक अध्यक्षाच्या निवेदनात हे कलम आहे. अजून सुटलेलं नाही.

निवेदनांत आणखी एक आकडा कायम असे: ७३ लाख. एनआरएआयच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या खाद्यसेवा धंद्याची उलाढाल सव्वाचार लाख कोटी रुपयांच्या घरात होती आणि त्यावर ७३ लाख माणसांचा रोजगार होता. सरकारकडे काहीही मागताना हा आकडा पुढे ठेवला जाई, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त हे ७३ लाख कुठल्याच संघटनेचे मेंबर नव्हते. भटारी, मोरीवर भांडी घासणारा, टेबल पुसणारा पोऱ्या, कॅप्टन, गल्ल्यावरचा माणूस: कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, कोणी नेपाळचा, कोणी उडुपीजवळच्या खेड्यातला. यांतले कितीतरी हॉटेलच्याच माळ्यावर झोपणारे. हॉटेल बंद झालं म्हणजे त्यांची नोकरी, जेवण आणि छप्पर एकाच सकाळी गेलं. एनआरएआयने पगारासाठी कर्मचारी विमा योजनेतून मदत द्यावी अशी मागणी केली, ती मान्य झाली नाही. एप्रिल-मेमध्ये ही माणसं गावी निघून गेली. काहींना मालकांनी तिकिटं काढून दिली, काही चालत गेले. संघटनेच्या इतिहासात त्यांची नोंद एका आकड्याएवढी आहे. मालकांच्या संघटनेने कामगारांचंही दुःख मांडावं ही अपेक्षा चुकीची असेल, पण त्यांच्या संख्येवर ती उभी राहते तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात राहण्याची हॉटेलं ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के खोल्यांनिशी उघडली. रेस्तराँ उघडायला ५ ऑक्टोबर उजाडला, तेही निम्म्या टेबलांवर. म्हणजे साडेसहा महिने. नाताळाच्या तोंडावर, २२ डिसेंबरपासून, रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी आली आणि ३१ डिसेंबरचा धंदा बुडाला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बसून खाणं बंद, फक्त पार्सल. जूनमध्ये निर्बंधांचे स्तर ठरले. मुंबई तिसऱ्या स्तरात गेली आणि रेस्तराँना सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत, निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली. दुपारी चार! बारमध्ये चार वाजता पंखेसुद्धा सुरू झालेले नसतात. 'आहार'चे अध्यक्ष शिवानंद शेट्टी आणि इतर संघटनांचे पदाधिकारी त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मंत्रालयात घिरट्या घालत राहिले, मागणी एकच: वेळ वाढवा. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री दहाची मुभा मिळाली, कर्मचाऱ्यांचं लसीकरण पूर्ण असेल तर.

या गदारोळात एक काम असं झालं, जे शांत काळात कदाचित झालं नसतं. आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देण्याचं धोरण महाराष्ट्रात १९९९ पासून कागदावर होतं. त्याचे लाभ, म्हणजे वीज, पाणी आणि मालमत्ता कराचे औद्योगिक दर, १ एप्रिल २०२१ पासून लागू करण्याचा निर्णय टाळेबंदीच्या काळात झाला. सुमारे ७० परवाने लागत होते, त्याऐवजी १० पुरतील, अशीही घोषणा सरकारने केली. एकवीस वर्षांत किती अध्यक्ष ही फाइल घेऊन गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शेवटच्या सहीच्या वेळी खुर्चीवर जो असतो त्याचा फोटो छापून येतो.

परवान्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात या धंद्याची मुळं तिथेच अडकली आहेत. 'परमिट रूम' हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो आला १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. कायद्याच्या नजरेत इथे दारूबंदी आहे. पिणाऱ्याकडे पिण्याचा परवाना हवा, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. म्हणून परवानाधारकांना बसवायची खोली ती परमिट रूम, आणि ती चालवायला मालकाला 'एफएल-३'. तत्त्वतः बंद असलेल्या गोष्टीला दिलेली सूट, असं या धंद्याचं कायदेशीर स्वरूप आहे. सूट कधीही आकसू शकते. त्यामुळे इथल्या संघटनेचं निम्मं आयुष्य कोर्टात जातं.

उदाहरणं भरपूर आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद केली. न्यायालयाचा रोख दुकानांवर असेल असं धरून बसलेले बारवाले ३१ मार्चच्या खुलाशाने हादरले: बार आणि रेस्तराँही त्यात. मग देशभर फुटपट्ट्या निघाल्या. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने दारापर्यंतची वाट चक्रव्यूहासारखी वळवून चालण्याचं अंतर वाढवलं. इतर काही ठिकाणी रस्त्यांचा 'महामार्ग' हा दर्जाच काढून घेण्यात आला. जुलैमध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं, तोवर कित्येकांनी माणसं कमी केली होती.

किंवा ४ जून २०२४ घ्या. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस, मुंबईत पूर्ण दिवस ड्राय डे. 'आहार' उच्च न्यायालयात गेली. निकाल जाहीर झाल्यावर विक्रीला हरकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. वकिलांची फी, याचिका, सुनावण्या, आणि पदरात पडली ती एक संध्याकाळ. ही कमाई हास्यास्पद वाटते. पण निकालाच्या संध्याकाळी मुंबईतल्या बारचा गल्ला ज्याने पाहिला आहे, तो हसणार नाही.

डान्स बारची लढाई सर्वांत लांबलेली. ऑगस्ट २००५ मध्ये बंदी आली, तीत तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा, आणि १७ जानेवारी २०१९ चा निकाल, ज्याने त्यातल्या अनेक अटी उडवल्या. कायद्याच्या पुस्तकांत या खटल्यांना 'आहार'चंच नाव आहे. चौदा वर्षांत अध्यक्ष बदलत गेले, वादी तोच राहिला. आणि इथे एक अपवाद दिसतो: बारबालांची स्वतःची युनियन होती, तीही कोर्टात उभी होती. कामगार मालकांच्या शेजारी, स्वतःच्या नावाने.

संघटना नेहमी बरोबर असते असं मात्र नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी गच्चीवरच्या रेस्तराँच्या धोरणाला मंजुरी दिली, धंद्याची ती जुनी मागणी. २९ डिसेंबरला कमला मिल कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या दोन पबना आग लागून १४ जण गेले. परवाने कमी करा म्हणणाऱ्यांना त्यानंतर बराच काळ खाली मान घालून बोलावं लागलं, आणि ते योग्यच होतं. सत्तर कागदांपैकी साठ निरर्थक असतील, पण अग्निशमन दलाचा कागद कुठल्या गटात येतो हे संघटनांनी आपल्या मेंबरांना जेवढ्या कडकपणे सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं नव्हतं.

सर्व्हिस चार्जचंही तसंच. बिलात आपोआप धरला जाणारा हा आकार सक्तीचा नको, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला म्हटलं. एनआरएआय आणि एफएचआरएआय, एरवी दोन वाटांनी चालणाऱ्या, दोघीही दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. लगेच स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला मात्र न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि दोन्ही याचिकादारांना लाख-लाख रुपयांचा खर्च ठोठावला. खान मार्केटच्या चपलांच्या दुकानाचा निकालही त्यांचाच होता. हा पैसा कामगारांत वाटला जातो, हा संघटनांचा मुख्य युक्तिवाद. तो पटायला कामगारांचा आवाज जोडीला हवा होता.

कटरियार यांची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपली आणि 'मामागोटो'वाले कबीर सुरी अध्यक्ष झाले. जाता जाता दोन कागद मागे राहिले. एक जुलै २०२१ ची स्पर्धा आयोगाकडची तक्रार, झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध: भरमसाट कमिशन, सवलतींची जबरदस्ती, आणि ज्या ग्राहकाने जेवण मागवलं त्याचा फोन नंबरसुद्धा हॉटेलला न देणं. लॉगआउट ही टेबलावर बसणाऱ्यांपुरती लढाई होती. टाळेबंदीत टेबलच उरलं नाही, सगळा धंदा डिलिव्हरीवर आला, आणि ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्याच पिशवीतून डबे जाऊ लागले. आयोगाने ४ एप्रिल २०२२ ला चौकशीचा आदेश दिला, तेव्हा तक्रार दाखल करणारे अध्यक्ष माजी झालेले होते.

दुसरा कागद अहवालाचा. २०२०-२१ मध्ये धंदा ५३ टक्क्यांनी घसरून दोन लाख कोटींवर आला. चारांतलं एक खाण्याचं ठिकाण कायमचं मिटलं. २४ लाख नोकऱ्या गेल्या. २०१९ च्या अहवालात सव्वाचार लाख कोटी लिहिणाऱ्या संघटनेनेच हेही लिहिलं. पुढे धंदा सावरला. २०२४ च्या अहवालात उलाढाल ५.६९ लाख कोटी आणि रोजगार ८५ लाखांच्या वर आहे. मिटलेली ठिकाणं त्या बेरजेत दिसत नाहीत, त्यांच्या जागी दुसऱ्यांच्या पाट्या आहेत.

आणि मग १४ जुलै २०२५. 'आहार'च्या पुढाकाराने महाराष्ट्रभरच्या वीस हजारांहून अधिक परमिट रूम आणि बारनी एक दिवस शटर पूर्ण खाली ओढलं. व्हॅट ५ वरून १० टक्के, वार्षिक परवाना शुल्कात १५ टक्के वाढ आणि उत्पादन शुल्कात ६० टक्के, हे एकापाठोपाठ एक आल्याचा राग होता. या वेळी खुर्चीवर सुधाकर शेट्टी होते. या धंद्याकडे दुसरं हत्यार नाही. कारखान्यात संप कामगार करतात, इथे मालक करतात, आणि त्या दिवसाचा गल्ला त्यांचा स्वतःचाच बुडतो.

बंदसाठी निवडलेला दिवस सोमवार होता. आठवड्यातला सर्वांत पडेल धंद्याचा वार. गटारी बरोबर दहा दिवसांवर होती.